खाजनाचा प्रश्न आणि मार्गदर्शकाचा शोध : एका पीएच.डी. प्रवेशाची पूर्ण हकिकत

हे प्रकरण माझ्या एका माजी विद्यार्थिनीचं आहे. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी., चांगले गुण, घर फोंडा तालुक्यात जुवारीच्या काठाला, वडील खाजन शेतीतले कूळ. पीएच.डी. करायची हे तिचं पक्कं होतं. कोणाकडे करायची, याचा पत्ता नव्हता. तिच्या संमतीने हे लिहिते आहे. तिचं नाव, मार्गदर्शकांची नावं आणि विभाग मात्र मुद्दाम वगळले आहेत, कारण गोवा लहान आहे आणि दोन खुणा दिल्या तरी माणूस ओळखता येतो.

लिहिण्याचं कारण सरळ आहे. नेट, म्हणजे अध्यापन आणि संशोधनासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, हिची तयारी करून घेणारे क्लास पणजीत, मडगावात, फोंड्यात मिळतात. मार्गदर्शक कसा शोधायचा हे मात्र पदव्युत्तर वर्गात कोणी शिकवत नाही, आणि हुशार मुलं नेमकी तिथे एक-दोन वर्षं अडकून राहतात. काही तर तिथूनच परत फिरतात.

प्रश्न घरातच होता

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी खाजन म्हणजे काय ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. मांडवी, जुवारीसारख्या नद्यांत भरतीचं खारं पाणी बरंच आतपर्यंत येतं. बांध घालून त्या पाण्यापासून राखलेली सखल जमीन म्हणजे खाजन. बांधात जागोजागी मानस असते. ओहोटीला आतलं पाणी मानशीची लाकडी दारं ढकलून नदीत जातं, भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने तीच दारं आपोआप मिटतात. पावसाळ्यात गोड्या पाण्याने मातीतलं मीठ धुऊन निघतं आणि कोरगुटासारखं खारं सोसणारं भात उभं राहतं. राज्यात अशी जमीन सुमारे १८,००० हेक्टर असल्याचं सांगितलं जातं. बांध फुटला आणि वेळेत बुजवला नाही, की शेत खारं होतं, आणि काही वर्षं तसंच पडून राहिलं तर तिथे खारफुटी उगवते. खारफुटीला कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे ते शेत पुन्हा शेत होणं अवघड होऊन बसतं. २०११च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्याच्या खाजन जमिनींचा वेगळा उल्लेख आहे तो उगाच नाही.

तिच्या वाड्याजवळचा बांध फुटला आणि दुरुस्त झाला, तेव्हा ती उच्च माध्यमिकात होती. त्यानंतर कोणतं शेत कधी पिकू लागलं, हे तिचे बाबा आजही बोटाने दाखवून सांगतात. डोंगराकडची शेतं लवकर गोडी झाली, मानशीजवळची रेंगाळली, आणि मधला एक पट्टा असा की तिथे भात उगवतं पण दाणा भरत नाही. हे ती तेव्हापासून ऐकत आली होती. पण याला संशोधनाचा प्रश्न म्हणतात, हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. संशोधनाचा प्रश्न इंग्रजी पुस्तकात असतो, बाबांच्या बोलण्यात नसतो, अशी आपल्याकडच्या मुलांची समजूत असते, आणि ती आपणच करून दिलेली आहे.

पहिला मेल

माझ्याकडे येण्याआधी तिने मेल पाठवून झाले होते. मूळ मेल इंग्रजीत होता. त्याचा मजकूर मराठीत असा:

«आदरणीय सर/मॅडम, मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे. मला पर्यावरण, जैवविविधता, हवामानबदल आणि खारफुटी यांत अतिशय रस आहे. आपल्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. करण्याची संधी मिळाल्यास मी कोणत्याही विषयावर मनापासून काम करीन. सोबत माझी माहिती जोडली आहे. कृपया सकारात्मक उत्तर द्यावे.»

हा मेल तिने वेगवेगळ्या विभागांतल्या प्राध्यापकांना एकदमच पाठवला होता आणि सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसत होते. बहुतेकांकडून काहीच आलं नाही. एका प्राध्यापकांनी प्रवेशाची जाहिरात पाहावी असं एका ओळीत कळवलं.

तिने यातून काढलेला अर्थ होता: «आपली ओळख नाही म्हणून कोणी विचारत नाही, मॅडम.» तोवर तिच्या मामांनीही मनावर घेतलं होतं. त्यांच्या परिचयातले कोणी विद्यापीठात होते, त्यांच्याकडून फोन करवतो म्हणाले. मी तिला तो फोन थांबवायला सांगितलं. ओळखीने भेट ठरवण्यात मला गैर वाटत नाही, एवढ्याशा राज्यात ते अटळच आहे. पण विद्यार्थ्याने काय विचारायचं आहे हे सांगण्याआधी मामाचा फोन गेला, की प्राध्यापकासमोर संशोधक येत नाही, कोणाची तरी भाची येते. ती पहिली समजूत पुसायला पुढे फार कष्ट पडतात.

मेलमधली खरी अडचण «कोणत्याही विषयावर» या दोन शब्दांत होती. तिला ती नम्रता वाटली होती. घेणाऱ्याच्या बाजूने पाहा. नियमाप्रमाणे पीएच.डी.ला किमान तीन वर्षं लागतात आणि कमाल मुदत सहा वर्षांची असते. एवढा काळ ज्याच्याबरोबर काम करायचं, तो माणूस म्हणतो की माझ्याकडे प्रश्न नाही, तुम्हीच द्या. मेहनतीची तयारी सगळेच लिहितात. तुम्ही कशामुळे अस्वस्थ आहात हे लिहिणारे थोडे असतात, आणि उत्तर त्यांना येतं.

प्रबंध वाचायचे, तेही उलटीकडून

नवा मेल लिहायचा नाही, आधी वाचायचं, एवढंच आमचं ठरलं. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचं शोधगंगा हे भांडार सगळ्यांना मोफत खुलं आहे. देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध तिथे प्रकरणवार मिळतात. तिला ते माहीत होतं, पण आपल्या विषयाची माहिती काढण्यासाठी. मार्गदर्शकाची पारख करण्यासाठी प्रबंध वाचता येतो हे तिला नवीन होतं.

मी तिला वाचायचा क्रम उलटा दिला. आधी ऋणनिर्देश, मग पद्धतीचं प्रकरण, मग शेवटचं पुढील कामाबद्दलचं प्रकरण, आणि गरज वाटली तरच मधलं. ऋणनिर्देशात कोण कोणाबरोबर फील्डवर गेलं, उपकरण कोणत्या संस्थेतून मिळालं, खर्च कोणत्या प्रकल्पातून झाला हे नकळत लिहिलेलं असतं. काहींत मार्गदर्शकाचे आभार दोन साच्यातल्या ओळींत उरकलेले असतात आणि प्रयोगशाळेतल्या मदतनिसाला अर्धं पान दिलेलं असतं. त्यावरून लगेच निष्कर्ष काढू नये, पण नोंद करावी. पद्धतीच्या प्रकरणात त्या गटाला खरोखर काय येतं ते कळतं. आणि पुढील कामाच्या प्रकरणात विद्यार्थ्याने जे अर्धवट सोडलं ते असतं. तुमच्या प्रश्नाला जागा असेल तर बहुधा तिथे.

त्यानंतर त्या प्रबंधांतून निघालेले शोधनिबंध पाहायचे. विद्यार्थ्याचं नाव पहिलं आहे की मागे कुठे तरी? नोंदणी आणि प्रबंध सादर होणं यांत किती वर्षं गेली? विद्यार्थी पुढे कुठे गेले? ही माहिती उघड्यावर असते. ती जुळवायला बसायची तयारी लागते, एवढंच.

या वाचनातून तिच्या यादीचा चेहरामोहरा बदलला. विभागाच्या संकेतस्थळावर ज्यांच्या नावापुढे खारफुटी, किनारी परिसंस्था असे शब्द होते, त्यांतल्या एकांच्या अलीकडच्या सगळ्या विद्यार्थ्यांचे प्रबंध ऊतिसंवर्धनावर (टिश्यू कल्चरवर) निघाले. खारफुटी ही त्यांची जुनी आवड होती, पान कोणी बदललं नव्हतं. उलट एका सहायक प्राध्यापिकेचं पान जवळजवळ रिकामं होतं, पण त्यांचे गेल्या काही वर्षांतले निबंध किनारी मातीतल्या क्षारांवर आणि तिथे कोणत्या वनस्पती आधी परततात यावर होते. पहिल्या मेलच्या यादीत या प्राध्यापिका नव्हत्याच.

विभागाचा पेच इथेच समोर आला. बांध फुटून दुरुस्त झाल्यावर मीठ उतरायला किती पावसाळे लागतात, हा प्रश्न वनस्पतिशास्त्राचा, मृदाशास्त्राचा, भूगोलाचा की सागरविज्ञानाचा? गोव्यात या चारही बाजूंची माणसं तासाभराच्या अंतरात आहेत. ताळगावच्या पठारावर १९८५ साली सुरू झालेलं गोवा विद्यापीठ आहे, दोनापावलाला १९६६पासूनची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, जुन्या गोव्याला भारतीय कृषी संशोधन परिषदेची किनारी शेतीवर काम करणारी संस्था आहे, वास्कोला ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. ही श्रीमंती मोठ्या राज्यांतल्या कित्येक जिल्ह्यांना नाही, आणि आपली मुलं एका विभागाच्या एका दारासमोर उभी राहून परत येतात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तिने वनस्पतिशास्त्रच ठेवलं. एम.एस्सी. त्यात होती, नेटला जीवविज्ञानाची तयारी झालेली होती, आणि प्रश्नाचं शेवटचं टोक भाताच्या दाण्यात होतं. मातीच्या बाजूला दुसरा जाणकार लागणार हे तेव्हाच दिसत होतं.

जो नियम आधी पाहायला हवा होता

यादीत सगळ्यात वर एक ज्येष्ठ प्राध्यापक होते. खारफुटीवर त्यांचं मोठं काम, तिने पदवीला असल्यापासून त्यांची व्याख्यानं ऐकलेली. दुसऱ्या कोणाचा विचारही करायला ती राजी नव्हती. मी तिला विद्यापीठ अनुदान आयोगाचे पीएच.डी.संबंधीचे नियम उघडायला लावले. नोव्हेंबर २०२२मध्ये अधिसूचित झालेले हे नियम मार्गदर्शक शोधणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी पूर्ण वाचावेत, फार पानं नाहीत. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरला असेल, तर त्या अध्यापकाला नवीन विद्यार्थी घेता येत नाही. सरांच्या निवृत्तीला तेवढाही काळ उरला नव्हता.

जागांचा हिशेबही तिथेच आहे. एका वेळी प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी असू शकतात. मार्गदर्शक होण्यासाठी पीएच.डी. शिवाय सहायक प्राध्यापकाचे तीन आणि वरच्या दोन्ही पदांवरच्यांचे पाच समीक्षित निबंध लागतात. मोठ्या नावाकडे जागा नसणं हा म्हणून विद्यार्थ्याचा अपमान नसतो, तो पुष्कळदा साधा आकडा असतो. मुलं मात्र नकार मनाला लावून घेतात.

आणखी एक कलम तिच्या कामाचं होतं. आंतरविद्याशाखीय विषयासाठी दुसऱ्या विभागातला किंवा बाहेरच्या संस्थेतला सहमार्गदर्शक नेमता येतो. मुख्य मार्गदर्शक मात्र जिथे नोंदणी करायची तिथलाच अध्यापक हवा. बाहेरच्या संस्थेतल्या वैज्ञानिकाला थेट «मला घ्या» म्हणून लिहिणारी मुलं इथे फसतात. त्या संस्थेला पीएच.डी.साठी कोणत्या विद्यापीठाची मान्यता आहे, की पदवी वैज्ञानिक आणि नवोन्मेषी संशोधन अकादमीकडून मिळते, हे आधी विचारावं लागतं.

ज्येष्ठ सरांना तिने तरीही लिहिलं, पण वेगळं. तुम्ही विद्यार्थी घेऊ शकत नाही हे मला माहीत आहे, माझा प्रश्न असा आहे, यात कोणाचं काम वाचू, एवढंच. सरांनी त्याच आठवड्यात बोलावलं. बोलणं बराच वेळ चाललं, आणि रिकाम्या पानाच्या त्या सहायक प्राध्यापिकेचं नाव त्यांनी आपणहून घेतलं.

दुसरा मेल

हा तिने स्वतः लिहिला. मी फक्त कापाकापी केली. मराठीत साधारण असा होतो:

«विषय: बांधदुरुस्तीनंतर खाजन मातीतले क्षार उतरणे – पीएच.डी. मार्गदर्शनाबाबत विचारणा

आदरणीय मॅडम, क्षारयुक्त किनारी मातीत वनस्पती परतण्याच्या क्रमावरचा आपला निबंध वाचला. त्यात आपण पडीक जमिनीचा विचार केला आहे. माझा प्रश्न पुन्हा लागवडीखाली आलेल्या जमिनीचा आहे. आमच्या गावातला बांध फुटून दुरुस्त झाल्यानंतर डोंगराकडची शेतं मानशीजवळच्या शेतांच्या आधी पिकू लागली, असा शेतकऱ्यांचा अनुभव आहे. हा फरक मातीच्या पोतामुळे, पाण्याच्या निचऱ्यामुळे की दोन्हींमुळे पडतो, आणि त्याचा कोरगुटाच्या दाण्यावर काय परिणाम होतो, हे मोजता येईल असं मला वाटतं. तीन शेतांतल्या मातीची विद्युत वाहकता मी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मोजली आहे, तक्ता सोबत आहे. मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे, नेट देत आहे. येत्या सत्रात आपल्याकडे जागा आहे का, आणि हा प्रश्न आपल्याला करण्यासारखा वाटतो का, हे कळावं. विभागात येऊन भेटू शकते.»

या मेलात स्तुती नाही. निबंध वाचल्याचा दावा नाही, पुरावा आहे: त्यात काय आहे आणि काय नाही, हे एका वाक्यात सांगितलंय. दोन प्रश्न असे विचारले आहेत की ज्यांचं उत्तर दोन ओळींत देता येतं. जोडपत्र एकच, एका पानाचं. आणि हा मेल एकाच व्यक्तीला, त्या सहायक प्राध्यापिकेला, गेला. दुसऱ्या एका सहयोगी प्राध्यापकांना लिहिला तो वेगळा होता, त्यांच्या कामाला धरून.

मॅडमकडून उत्तर आलं नाही. चवथीची, म्हणजे गणेशचतुर्थीची, सुट्टी लागली होती, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. गोव्यात चवथीच्या आठवड्यात किंवा परीक्षांच्या पेपर तपासणीत पाठवलेला मेल खाली जातो आणि खालीच राहतो. सुट्टीनंतर आठवडाभराने तिने त्याच मेलला जोडून दोन ओळींची आठवण पाठवली. दुसऱ्या दिवशी भेटीची वेळ आली.

दोन भेटी

सहयोगी प्राध्यापकांची भेट आधी झाली. सर मोकळे, प्रयोगशाळा उत्तम, भाताच्या रोपांतल्या क्षारसहिष्णुतेवर त्यांचं काम चालू. त्यांच्याकडे एका प्रकल्पात जागा होती, महिन्याला मानधन होतं, आणि पुढे त्याच विषयात नोंदणी करता येईल असं त्यांनी सांगितलं. सर आपल्या कामाबद्दल भरभरून बोलले. तिच्या प्रश्नाबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. ज्याला प्रयोगशाळेत बसून रोपांचं शरीरक्रियाशास्त्र शिकायचं आहे, त्याच्यासाठी ही जागा फार चांगली होती आणि मी अशा दुसऱ्या एका विद्यार्थ्याला तिकडे पाठवलंही.

मॅडमची भेट लहान झाली आणि घाम काढणारी. तक्ता पुढे ओढून त्यांनी पहिलंच विचारलं, «मातीत पाणी कोणत्या प्रमाणात घातलंस?»

«एकास अडीच, मॅडम.»

«मग चारच्या वर म्हणजे क्षारयुक्त, असं खाली लिहिलंस ते कशावरून?»

तिने पुस्तकातला आकडा लावला होता. मीठ जितकं जास्त तितकी विद्युत वाहकता जास्त, पण चार डेसिसीमेन्स प्रति मीटर ही सीमा संपृक्त, म्हणजे पाण्याने पुरती भिजवलेल्या, मातीतून काढलेल्या अर्कासाठी आहे. जास्त पाणी घातलं की मीठ पातळ होतं आणि तीच माती कमी खारी दिसते. म्हणजे तिची शेतं तक्त्यात दिसत होती त्याहून खारी होती. मॅडमनी तक्ता बाजूला ठेवला नाही. दोन्ही पद्धतींनी पुन्हा मोज, दोहोंतलं नातं आपल्या मातीसाठी काढ, तोच तुझ्या पहिल्या प्रकरणाचा पाया होईल, असं सांगून त्यांनी तो परत दिला. वर असंही म्हणाल्या की मातीचं रसायन मला इतकंच येतं, यापुढे मृदाशास्त्रज्ञ लागेल.

ती माझ्याकडे आली ती रडवेली होऊन. भेट फसली असं तिला वाटत होतं. माझ्या मते मार्गदर्शक ओळखायची याहून चांगली खूण नाही: पहिल्याच भेटीत त्यांनी तिचं काम वाचलं, चूक दाखवली, चुकीतून काम काढून दिलं, आणि आपल्या ज्ञानाची हद्द सांगितली. चौथी गोष्ट सर्वांत दुर्मिळ.

आतल्या विद्यार्थ्यांना काय विचारलं

कोणाला होकार देण्याआधी दोन्हीकडच्या सध्याच्या आणि माजी विद्यार्थ्यांशी बोल, असं मी तिला बजावलं होतं. विभागाच्या कॅन्टीनमध्ये, समोरासमोर, लेखी काही नको. «सर कसे आहेत» असं विचारलं की «चांगले आहेत» एवढंच उत्तर येतं. म्हणून प्रश्न नेमके हवेत. प्रकरणाचा मसुदा दिला की किती दिवसांत परत येतो? फील्डच्या गाडीचे पैसे कोण देतं? शेवटच्या निबंधात नावांचा क्रम कोणी, कधी ठरवला? आजारपणात सुट्टी मागताना भीती वाटते का? आणि शेवटी: पुन्हा निवडायचं झालं तर इथेच याल?

मुलींनी आणखी एक गोष्ट विचारायलाच हवी. तिचं काम ओहोटीच्या वेळा पाहून होणार, कधी पहाटे, कधी तिन्हीसांजेला. कोणाबरोबर जायचं, परत कसं यायचं, प्रयोगशाळेत उशिरापर्यंत कोण असतं, मार्गदर्शकाचं वागणं कसं आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याने संस्थेत तक्रारींसाठी अंतर्गत समिती बंधनकारक आहे. तिच्या सदस्यांची नावं प्रवेशाआधीच माहीत असावीत. आणि एखाद्या नावाबद्दल विचारताच मुली विषय बदलत असतील, तर ते नाव यादीतून काढावं. अर्ज न करायला पुरावा लागत नाही. या बाबतीत मी कोणतीही तडजोड सुचवत नाही, मार्गदर्शक कितीही मोठा असो.

तिच्या दोन्ही पर्यायांबाबत सुदैवाने तसं काही नव्हतं. सरांकडचे विद्यार्थी समाधानी होते, विषय मात्र सगळ्यांना सरांनीच दिलेले. मॅडमकडे दोनच विद्यार्थी. त्यांची एकच तक्रार: मॅडम मसुदा लाल करून परत देतात. उपकरणं कमी, हेही त्यांनीच सांगितलं.

पैसा

निर्णय सोपा नव्हता, तो पैशामुळे. नेटचा निकाल आला तो फक्त पीएच.डी. प्रवेशाच्या गटात. २०२४पासून नेटचे तीन गट झाले आहेत: छात्रवृत्तीसह, सहायक प्राध्यापकपद आणि पीएच.डी. प्रवेशासाठी, आणि फक्त प्रवेशासाठी. तिसऱ्या गटात छात्रवृत्ती नाही, आणि प्रवेशासाठी ते गुण एक वर्षच चालतात. छात्रवृत्ती मिळाली असती तर सुरुवातीला महिन्याला ३७,००० रुपये आणि वर घरभाडे. एका बाजूला सरांकडचं मानधन, दुसऱ्या बाजूला आवडीचा प्रश्न आणि रिकामा खिसा. धाकटा भाऊ शिकतोय. आईने स्पष्टच सांगितलं की पगार असेल तिकडे जा.

आई चुकली असं मी म्हणणार नाही. घरात गरज असेल तर मानधन घ्यावं आणि दुसऱ्याच्या प्रश्नावर चांगलं काम करावं. त्यातही माणूस घडतो. पण इथे तिसरी वाट मॅडमनी दाखवली. पैशाची सोय नसताना नोंदणी करू नकोस, एक सत्र थांब, पुन्हा परीक्षा दे, तोवर पावसाळ्यातले नमुने जमव, असं त्या म्हणाल्या. हातचा विद्यार्थी थांबवणारा मार्गदर्शक विरळा. तिने एका महाविद्यालयात लेक्चर बेसिसवर काम धरलं आणि पावसाळाभर तीन शेतांतून माती आणली. बाबांनी कोणत्या शेतात कुठे पाणी साचतं त्याचा नकाशा काढून दिला. पुढच्या खेपेला छात्रवृत्ती मिळाली.

सहयोगी प्राध्यापकांना तिने भेटून नकार सांगितला, मग लेखी आभार मानले. काही मुलं अशा वेळी फोन उचलणंच बंद करतात. आज तिच्या संशोधन सल्लागार समितीत तेच सर आहेत, आणि रोपांच्या चाचण्यांसाठी त्यांच्याच प्रयोगशाळेत तिला टेबल मिळालं आहे.

नोंदणी आणि नंतर

मुलाखतीला पाचच पानांचा आराखडा होता, पण त्यात एका पावसाळ्याचे स्वतःचे आकडे होते. मार्गदर्शकाचा होकार म्हणजे प्रवेश नव्हे, विभागाची समितीच शेवटी ठरवते, हे तिला मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं. म्हणून आराखडा समितीतल्या मातीचा गंध नसलेल्या सदस्यालाही कळेल असा लिहिला होता.

सहमार्गदर्शक म्हणून कृषी संशोधनातले एक मृदाशास्त्रज्ञ मिळाले. त्यांना मेल लिहिताना नवीन काही करावं लागलं नाही. मॅडमची संमती आणि दोन पद्धतींची तुलना केलेला तक्ता जोडला, ते लगेच तयार झाले. वेळ गेला तो दोन संस्थांच्या मंजुरीत. ज्यांना बाहेरचा सहमार्गदर्शक हवा आहे त्यांनी ही प्रक्रिया नोंदणीबरोबरच सुरू करावी. नमुने एका संस्थेत आणि परवानगी दुसऱ्या टेबलावर, असे महिने जातात.

काम सुरू होण्याआधी तिघांनी बसून एका पानावर लिहून काढलं: निबंधात नावांचा क्रम कसा ठरेल, नमुने कुठे राहतील, कोणत्या चाचणीचा खर्च कुठून. ही सूचना मृदाशास्त्रज्ञांची होती. दोन मार्गदर्शकांच्या मधे विद्यार्थी चेंगरलेला त्यांनी पाहिला होता. त्याच पानावर एक कलम तिने घालून घेतलं, की ज्यांच्या शेतांतून माती घेतली त्या कुळांना दर वर्षीचे आकडे मराठीत लिहून द्यायचे. पहिल्या वर्षाचा कागद कुळांच्या संघाच्या बैठकीत वाचला गेला. मधल्या पट्ट्यातल्या एका शेतकऱ्याने आपल्या दोन कोपऱ्यांचे आकडे उलटे लागल्याचं दाखवून दिलं. नमुन्यांच्या पिशव्या तपासल्यावर त्याचं म्हणणं बरोबर निघालं, आणि त्या शेताचं मोजमाप ती या पावसाळ्यात पुन्हा करते आहे.